बघण्याची मजुरी

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय अगदी रोजचा आहे, गाडीची देखभाल. आणि तीही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नाही, रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये जो मिस्त्री बसतो, त्याच्याकडची.

मी पोलादपूरचा. लोणेऱ्याला बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. कंपनी पुण्याची, पण महिन्यातले निम्मे दिवस घरूनच काम असतं. त्यामुळे आमच्या भागातल्या गॅरेजमध्ये लाकडी बाकावर बसून चहा पिण्यात माझे बरेच तास गेलेत. लॅपटॉप मांडीवर, मीटिंग चालू, आणि मागं कुणीतरी हातोडी मारतंय. ऑफिसातल्या लोकांना आता त्या आवाजाची सवय झालीये.

मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. गाडी कंपनीत टाकायची की बाहेर? म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला खरं तर विचारायचं असतं की कोण कमी लुटतं. त्याचं उत्तर देतो, पण आधी दुसरी एक गोष्ट बोलायची आहे, कारण मला वाटतं आपण पैसे मोजतो ते चुकीच्या गोष्टीचे. आपण ऑईलचे पैसे देतो, फिल्टरचे देतो, पाना फिरवण्याचे देतो. गाडी नीट बघण्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. आणि आमच्यासारख्या घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावात बघणं हेच मुख्य काम आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई-गोवा रस्त्यावर महाड, त्याच्या पुढं पोलादपूर. महाडची बाजू सोडली तर आमच्याकडून कुठंही निघा, समोर डोंगर. खेडकडं जायचं तर कशेडी. आता तिथं जवळपास दोन किलोमीटरचा बोगदा झालाय, २०२३ च्या गणपतीत त्याची एक बाजू पहिल्यांदा उघडली, त्यामुळे तिकडचा त्रास बराच कमी झाला. महाडहून भोरकडं जायला वरंधा, तो पावसाळ्यात बरेचदा बंदच असतो. आणि तिसरा आंबेनळी, पोलादपूर ते महाबळेश्वर. चाळीसेक किलोमीटर. वर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, खाली आम्ही सावित्रीच्या काठाला.

आता थोडं गणित करतो, रागवू नका. गाडी आणि आतली चार माणसं मिळून तेराशे किलो धरा. ती बाराशे मीटर खाली आणायची आहे. शाळेतलं सूत्र लावलं तर साधारण दीड कोटी जूल ऊर्जा होते. हा आकडा कुणाला कळत नाही, मलाही कळत नव्हता. म्हणून असं सांगतो. एवढ्या उष्णतेत पन्नास लिटर गार पाणी उकळेल. आपल्याकडं आंघोळीचा तांब्याचा बंब असतो ना, तसे दोन बंब. महाबळेश्वरहून पोलादपूरला येणारी प्रत्येक गाडी दोन बंब पाणी उकळेल एवढी उष्णता कुठं ना कुठं सोडत येते. त्यातली थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायरमध्ये. गाडी खालच्या गियरला असेल तर बरीचशी इंजिनात जाते. आणि ड्रायव्हरनं पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरवला तर जवळजवळ सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, चढताना जो गियर लागतो तोच उतरताना लावायचा. त्यात तंत्र आहे. उलट आमच्याकडं अजून एक जमात आहे, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारी. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात काही अर्थ असेल तर असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गियर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच थांबवतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे ब्रेकही तापवले आणि पेट्रोलही जाळलं. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग दोन-चारदा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधली ओढ संपते, पेडल दगडासारखं होतं आणि स्टेअरिंगही जड. याला काय म्हणावं मला कळत नाही.

बरं, ब्रेक तापले तर काय होतं? इथं ब्रेक ऑईल येतं. त्याला ऑईल म्हणतात, पण ते तेल नाही. बहुतेक गाड्यांत डॉट थ्री किंवा डॉट फोर असतं. या द्रवाची खोड अशी की तो हवेतला ओलावा शोषतो. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, हळूहळू. नवं असताना डॉट थ्री कमीत कमी २०५ अंशांवर उकळायला हवं असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट फोरचं २३० वरून १५५. आता आमच्याकडची हवा बघा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं ब्रेक ऑईल कोरडं कसं राहील?

आणि ते उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, पेडल खाली जातं, वाफ चेपली जाते, पॅड जागचे हलत नाहीत. सपाट रस्त्यावर हे कधीच कळणार नाही. पुणे-मुंबईत पाच वर्षं तीच गाडी चालवा, काही होणार नाही. कळतं ते आंबेनळीच्या वळणावर.

म्हणून आमचे मिस्त्री दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल पूर्ण बदलतात. किलोमीटर कितीही होवोत. गाडी घरासमोर उभी असली तरी ओलावा आत जातच असतो.

आमचे मिस्त्री म्हणजे... नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. सगळे त्यांना काका म्हणतात. वय साठीच्या आसपास. आधी ट्रकवर क्लीनर, मग फिटर, मग स्वतःचं शेड. मला ते ‘इंजिनिअर’ म्हणतात, आणि त्यात कौतुक किती, टोमणा किती हे मला आजवर कळलेलं नाही.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. माझी आत्या डोंबिवलीला असते. दिवाळीत सगळे आमच्याकडं आले होते आणि दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर, प्रतापगड करायचं ठरलं. गाडी आत्याच्या यजमानांची. पंधरा दिवसांपूर्वीच शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फुल सर्व्हिस झालेली, बिल गाडीतच. मी म्हटलं, मामा, जाताना काकांना दाखवून जाऊ. मामा म्हणाले, अरे आत्ता तर सर्व्हिस झालीये. तरी आले, माझं मन राखायला.

काकांनी गाडी बघायच्या आधी बिल मागितलं. चष्मा लावून वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. ब्रेक ऑईल टॉप-अप.

“टॉप-अप कशाला केला?”

मामा म्हणाले, कमी झालं असेल.

“झालं असेल ना. पण गेलं कुठं?”

मंडळी, मी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. त्यात एक ओळ चुकीची दिसली तर पुढचे तीन तास आम्ही ती ओळ का आली हे शोधतो. ती ओळ पुसून टाकली तर मला नोकरीवरून काढतील. आणि इथं नेमकं तेच झालं होतं. ब्रेक ऑईलची पातळी हा गाडीचा लॉग आहे. ती दोनच कारणांनी कमी होते. एक, पॅड झिजले. पॅड पातळ झाले की त्यांच्या मागचा पिस्टन थोडा बाहेर सरकतो, त्याच्यामागं जास्त द्रव जातो, टाकीत तेवढी पातळी उतरते. दुसरं, कुठंतरी गळतंय. म्हणजे पातळी खाली गेली की गाडी सांगतेय, एकतर पॅड बघा नाहीतर गळती शोधा. वरून ऑईल ओतून टाकी भरली की दोन्ही निरोप गेले. बिलावर मात्र एक काम वाढलं आणि ग्राहक खूश, की बघा, किती बारकाईनं केलं.

काकांनी पुढचे पॅड बघितले, ते चांगले होते. मग मागचं डावं चाक काढलं, ड्रम ठोकून ठोकून उतरवला. आत व्हील सिलिंडरचं रबर गेलेलं, लायनर ऑईलनं भिजलेला. बाहेरून एक थेंब दिसत नव्हता, सगळं ड्रमच्या आत.

आता अतिशयोक्ती करत नाही. गाडीच्या ब्रेकची दोन वेगळी सर्किटं असतात, एक गेलं तरी निम्मे ब्रेक राहतात. लगेच दरीत गेले असते असं नाही. पण निम्म्या ब्रेकवर सहा माणसं आणि सामान घेऊन आंबेनळी उतरणं, तेही ज्याला घाटाची सवय नाही अशा माणसानं, ही काय गंमत नाही. आमच्या गावात या घाटाची थट्टा कुणी करत नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस याच घाटात दरीत गेली. आत तीसहून जास्त कर्मचारी होते, एकच जण वाचला. पोलादपूर-महाबळेश्वरचे ट्रेकर दोर लावून खाली उतरले होते. त्या अपघाताच्या कारणात मी जात नाही, तो विषय वेगळा. पण तेव्हापासून आमच्याकडं कुणी वर जातो म्हटलं की आई दारापर्यंत येते आणि विचारते, गाडी दाखवलीस का?

तर सिलिंडर आणि लायनर महाडहून मागवले, दोन-अडीच तास गेले. मामा वैतागलेले. शेवटी काकांनी पार्टचे पैसे आणि बसवण्याची मजुरी सांगितली. मी विचारलं, काका, आणि बघायचे किती झाले?

“बघायचे कसले पैसे? बघितलं फक्त.”

मी तेव्हापासून याच वाक्याचा विचार करतोय. त्या दिवशी किमती काम कुठलं होतं? सिलिंडर बसवणं? ते त्यांचा हेल्पर पोरगासुद्धा करतो, त्यानंच केलं. किमती होतं ते बिलावरच्या एका ओळीवर बोट ठेवणं. चाळीस वर्षांचा अनुभव त्या बोटात होता, आणि त्याची किंमत शून्य रुपये.

याचा परिणाम काय होतो बघा. मिस्त्रीला पैसे मिळतात पार्ट बदलला तर. तो प्रामाणिक असेल आणि गाडी बघून म्हणाला, काही नाही, जावा बिनधास्त, तर त्याची पाऊण तासाची कमाई गेली. म्हणजे प्रामाणिकपणाला दंड. मग जो हुशार आहे तो काहीतरी बदलतोच. आणि जो प्रामाणिक आहे तो हळूहळू बघायचंच बंद करतो, सांगितलं तेवढं काम करतो. ऑईल बदली सांगितली, ऑईल बदललं, राम राम. दोष त्याचा नाही. आपण त्याला तसं शिकवलं.

मोठ्या वर्कशॉपमध्ये वेगळं काही नाही, फक्त तिथं कागद जास्त. चाळीस मुद्द्यांची तपासणी, प्रत्येकापुढं टिक. चाळीस टिका करायला किती वेळ दिलाय हे कधी विचारून बघा. चारही चाकं काढायची, ड्रम उघडायचे, गाडी वर घेऊन खालचे रबरी बूट, बुश, सायलेन्सर बघायचं, तर अनुभवी माणसालाही पाऊण तास लागतो. चाकं न काढता ब्रेकपुढं टिक होऊ शकते. ब्रेक दिसत मात्र नाहीत.

आमच्या भागाला तपासणी आणि बघणं यातला फरक नव्यानं सांगायची गरज पडू नये. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि काही लहान गाड्या पाण्यात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असा निष्कर्ष होता, असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढं बरेच दिवस नदीत लोखंडी चुंबक सोडून बस शोधत होते. पाहणी झाली नव्हती असं नाही. झाली होती.

असो. गाडीकडं येतो.

तर मग मी काय करतो? मी काकांना बघण्याचे पैसे देतो. आधी घेत नव्हते. म्हणाले, लोक काय म्हणतील, बघायचे पैसे घेतो म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर औषध न देता तपासायचे घेतोच ना. ते म्हणाले, डॉक्टरच्या भिंतीवर सर्टिफिकेट असतं. शेवटी तीनशे रुपयांवर ठरलं. अट एकच, चारही चाकं निघाली पाहिजेत आणि काही बदलायची गरज नसेल तर नाही म्हणायचं. मागच्या दोन वर्षांत चार वेळा गाडी दाखवली, त्यात दोनदा काहीच निघालं नाही. ते तीनशे रुपये मला सगळ्यात वसूल वाटतात.

वर्षातून दोनदा पुरे. एकदा पावसाळ्याआधी, एकदा गणपतीनंतर. गणपतीनंतर का, तर तोवर गाडीनं पूर्ण पाऊस, चिखल आणि माणगावची ट्रॅफिक खाल्लेली असते. ज्यांनी चतुर्थीच्या आदल्या रात्री माणगाव-इंदापूरच्या रांगेत काढलीत, त्यांना क्लचप्लेटचा वास वेगळा सांगायला नको. गाड्यांच्या कंपन्या सर्व्हिसचं जे कोष्टक देतात, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष वगैरे, त्याच पुस्तकात बहुतेक वेळा मागं एक वेगळं पान असतं. कठीण परिस्थितीतला वापर. डोंगराळ रस्ता, धूळ, चिखल, दमट हवा, वारंवार छोटे फेरे. ते पान वाचलं तर वाटतं की लिहिणारा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बसून लिहीत होता. आमच्या सगळ्या गाड्या त्या पानातल्या. पण सर्व्हिसची तारीख मोजतात पुढच्या पानावरून.

पावसाळ्याआधी बघायच्या बाकी गोष्टी पटकन सांगतो. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलीमीटर उरली, टायर संपला. घाटात मी तिथपर्यंत थांबत नाही. वायपरचं रबर, काचेखालच्या जाळीतला कचरा. तिथं आंब्याची पानं कुजून पाणी तुंबतं आणि ते आत डॅशबोर्डखाली उतरतं, मग लोक वायरिंगवाल्याकडं धावतात. कूलंट बदलायची तारीख. त्यात नळाचं पाणी ओतू नका, आत गंज धरतो. बॅटरीची टर्मिनलं. झालं.

पुराबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो, कारण महाडला हे लागतंच.

२२ जुलै २०२१. महाड बुडालं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड आली. गाड्यांचं दुःख करावं असा तो आठवडा नव्हता आणि कुणी केलंही नाही. पण पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती चिखलानं भरलेल्या गाड्या होत्या, आणि गॅरेजवाल्यांची स्वतःची हत्यारं चिखलात. अशा वेळी माणूस काय करतो? किल्ली फिरवून बघतो. चालू होतेय का. अगदी स्वाभाविक आहे, आणि तेच करायचं नाही.

कारण मघाचंच. पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल आणि तुम्ही इंजिन फिरवलं, तर पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली फिरवायच्या आधी जे काम सफाईचं आणि ऑईल बदलायचं होतं, ते किल्ली फिरवल्यावर इंजिन खोलायचं होतं. विम्याचंही तेच. साध्या पॉलिसीत पाणी गेलेल्या इंजिनाचं नुकसान बरेचदा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आणि बुडालेली गाडी चालू करून पाहिली असेल तर वाद ठरलेला. महाडमध्ये गाडी असेल आणि ते कवच नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला विचारा.

म्हणून पाणी सीटपर्यंत गेलं असेल तर किल्लीला हात नाही, धक्का मारून चालू करणं नाही. चिखलासकट सगळीकडून फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. ऑईलची काडी काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत आहे. दिसलं नाही तरी प्लग काढून बघितल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. टोचन करून न्या. मग मिस्त्री इंजिन ऑईल, गियर ऑईल, ब्रेक ऑईल सगळं बदलेल, ड्रममधला गाळ काढेल, गालिचे उचलून खालचा फोम वाळवेल. तो फोम राहिला तर गाडीला कायमचा वास. आणि हे सगळं झालं तरी महिन्याभरानं चाकांचे बेअरिंग गुणगुणायला लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, गाळ तिथंही गेलेला असतो.

आता तो पहिला प्रश्न, कंपनीत की बाहेर.

वॉरंटी चालू असेल तर ठरलेल्या सर्व्हिस कंपनीत करा. माझं सरळ मत. त्यात फुशारकी नको. पण बरेच लोक मिस्त्रीला बॉनेट उघडूनही देत नाहीत, म्हणतात वॉरंटी जाईल. तसं नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडाचं पुढं अपिलात गेलं. पण त्या आदेशात एक गोष्ट स्पष्ट होती. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालायची नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतं नाकारता येईल. चाक काढून ब्रेक बघणं यात वॉरंटीला काही होत नाही.

वॉरंटी संपली की मी बाहेर. कारण काकांना रस्ता माहीत आहे. बिरवाडीच्या एमआयडीसीत रोज जाणारी गाडी आणि आठवड्याला महाबळेश्वरला भाजी आणायला जाणारी गाडी, दोन्हींचे ब्रेक वेगळे झिजतात, हे त्यांना चाक काढायच्या आधी माहीत असतं. मर्यादाही आहेत. बीएस सिक्सनंतरच्या गाड्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, त्यात सेन्सर इतके आहेत की स्कॅनरशिवाय काही समजत नाही. काकांनी स्कॅनर घेतलाय. तो कोड दाखवतो, काका माझ्याकडं बघतात, मी फोनवर शोधतो. अशी आमची भागीदारी. एअरबॅग, एबीएसचं आतलं युनिट, हायब्रीडची बॅटरी असलं काही असेल तर ते स्वतःच सांगतात, माझं काम नाही, कंपनीत न्या. मिस्त्री कधी ‘माझं काम नाही’ म्हणतो का हे बघून मिस्त्री निवडावा.

एक सवय मात्र आपण लावून घ्यायची, वही. काकांकडं कधीच बिल नसायचं. सगळं डोक्यात. तुझ्या गाडीचं ब्रेक ऑईल मागच्या शिमग्याला बदललं, बरोबर सांगतात. पण त्यांना मध्ये महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा शेडवर पोरगा एकटा. त्याला कुठल्याच गाडीचं काही माहीत नाही. अख्ख्या पंचक्रोशीच्या गाड्यांचा इतिहास एका माणसाच्या डोक्यात, बॅकअप नाही. माझ्या धंद्यात याला झोप उडवणारी गोष्ट म्हणतात. मी दोनशे पानी वही नेऊन दिली. एका गाडीला एक पान, तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं. ‘बघितलं, ठीक’ हेसुद्धा लिहायचं. पोरगा लिहितो, अक्षर भयंकर आहे, पण लिहितो. आणि माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये तसंच एक पान. गाडी विकताना घेणाऱ्याला ते दाखवलं तर तो काय समजायचं ते समजतो.

मागच्या मे महिन्यात काकांनी शेडला पुठ्ठ्याची पाटी लावली. घाट चेकिंग रु. ३००, चारी चाके. पहिल्या आठवड्यात लोक हसले. मग एका जीपवाल्यानं दाखवली, मग दोन मास्तरांनी. आता शनिवारी सकाळी तीन-चार गाड्या असतात, आणि चाकं पोरगा काढतो, काका खुर्चीवर बसून फक्त बघतात.

जाणार असाल तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात जा. जूनचा पहिला पाऊस पडला की सगळेच जातात आणि मग काका फोन उचलत नाहीत. पुढच्या भागात जुनी गाडी घेताना पुरातली गाडी कशी ओळखायची ते बोलू. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचा, एवढं आत्ता सांगून ठेवतो.